‘बरं आहे’ म्हणू नका: अमेरिकेतल्या माजी सैनिकाने व्हीएची अपंगत्व तपासणी कशी द्यावी

माझा भाचा अमेरिकी लष्करात सहा वर्षं काढून परतला तो एक दुखरा गुडघा आणि कानात अखंड घुमणारी शिटी घेऊन. तपासणीच्या दिवशी मी गाडी चालवत होतो, कारण क्लच दाबला की त्याचा गुडघा बोलतो. खोलीत गेल्यावर डॉक्टरांनी सहज विचारलं, "आज कसं वाटतंय?" आणि हा पठ्ठ्या म्हणाला, "गुड, गुड." परत येताना गाडीत त्याने हे सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. आपल्या घरात "कसं काय?" याला एकच उत्तर असतं: "बरं आहे, चाललंय." मुलं न्यू जर्सीत वाढली तरी ती सवय सुटत नाही.

ज्या मराठी घरांत मुलगा, मुलगी, जावई तिकडच्या सैन्यात होते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी हे डॉक्टर कोण ते समजून घ्या

अपंगत्व भत्त्याचा दावा व्हीए, म्हणजे माजी सैनिकांचं खातं, याच्याकडे करायचा. पण तपासणी बहुतेक वेळा व्हीएच्या दवाखान्यात होत नाही. १९९६च्या कायद्याने व्हीएला ही कामं बाहेर देण्याची मुभा मिळाली, सुरुवातीला फक्त दहा विभागीय कार्यालयांपुरती. आज बहुसंख्य तपासण्या कंत्राटी कंपन्या करतात. क्यूटीसी, व्हीईएस, ऑप्टम सर्व्ह आणि लॉयल सोर्स ही चार नावं लक्षात ठेवा, कारण फोन आणि पत्र यांच्याच नावाने येतं. ‘व्हीए’ हा शब्द दिसला नाही म्हणून कित्येक जण ते पत्र जाहिरातीच्या गठ्ठ्यात टाकून मोकळे होतात.

या डॉक्टरांचं काम उपचार करणं नाही, औषध लिहून देणं नाही, आणि दाव्यावर निर्णय देणं तर मुळीच नाही. व्हीएने ठरवून दिलेला एक लांबलचक फॉर्म भरून पाठवणं, एवढंच. त्याला डीबीक्यू म्हणतात. निर्णय घेणारा माणूस दुसऱ्याच गावात बसलेला असतो, त्याने तुम्हाला पाहिलेलं नसतं, त्याच्यासमोर असतो तो हा फॉर्म आणि तुमची फाइल. जे फॉर्ममध्ये उतरलं नाही ते त्याच्या लेखी झालंच नाही.

पायरी १: तारीख आधी पक्की करा

कागद जमवायला वेळ लागणार असेल तर आधी ‘इंटेंट टू फाइल’, म्हणजे दावा करणार असल्याची पूर्वसूचना, नोंदवा, फॉर्म क्रमांक २१-०९६६. त्या दिवसापासून एक वर्षाच्या आत मुख्य अर्ज, म्हणजे २१-५२६ईझेड, दाखल केला तर मंजुरीनंतरची थकबाकी साधारणपणे या पूर्वसूचनेच्या तारखेपासून मोजली जाते. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि लोक तेच विसरतात.

मदतीला डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन अशा माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी असतात, फुकट. पहिला दावा भरून देण्यासाठी कुणी पैसे मागत असेल किंवा पुढच्या भत्त्यात टक्का मागत असेल तर दार लावून घ्या, तसे पैसे घेणं कायद्यात बसत नाही.

पायरी २: फोन उचला

अनोळखी नंबर न उचलण्याची सवय या काही आठवड्यांपुरती बाजूला ठेवा. तपासणीचे पैसे कुणीही मागत नाही, मागितले तर तो फोन भामट्याचा. जाण्यायेण्याचा खर्च कंपनीच देते.

दिलेला दिवस जमत नसेल तर निदान ४८ तास आधी कळवा. कंत्राटी कंपनीकडे तारीख एकदाच बदलून मिळते आणि नवी तारीख मूळ तारखेपासून पाच दिवसांच्या आत असावी लागते. ते जमणार नसेल तर थेट व्हीएशी बोलायचं. न कळवता गैरहजर राहणं मात्र महागात पडतं: पहिला दावा असेल तर आहे त्या कागदांवर निकाल लागतो, टक्केवारी (अपंगत्व किती हे व्हीए टक्क्यांत ठरवतं, भत्ता त्यावर) वाढवण्याचा असेल तर तो सरळ फेटाळला जाऊ शकतो. आमच्याकडे उलटं झालं. कंपनीनेच तारीख दोनदा रद्द केली, दुसऱ्यांदा तर आदल्या संध्याकाळी. अशा वेळी तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहून ठेवा, गैरहजेरी चुकून तुमच्या नावावर पडली तर उपयोगी पडतं.

जागा पाहून दचकू नका. आमची तपासणी नेल सलून आणि पिझ्झाच्या दुकानामधल्या गाळ्यात झाली. डॉक्टरांचा परवाना दुसऱ्या राज्याचा असला तरी चालतं, २०१६च्या कायद्याने कंत्राटी डॉक्टरांना ती सवलत दिली आहे. डॉक्टरच्या जागी नर्स प्रॅक्टिशनर किंवा फिजिशियन असिस्टंट असू शकतो, तेही नियमात बसतं. मानसिक आजाराची किंवा स्त्रीरोगविषयक तपासणी असेल तर स्त्री की पुरुष तपासनीस हवा हे सांगायचा हक्क आहे. तारीख ठरवतानाच सांगा, खोलीत गेल्यावर नको.

पायरी ३: एक पान लिहा, त्यात आकडे असू द्या

ही पायरी सगळ्यात मोलाची, म्हणून इथे जरा रेंगाळतो. डीबीक्यूचे बरेच फॉर्म व्हीएच्या संकेतस्थळावर उघडपणे मिळतात. आपल्या दुखण्याचा फॉर्म आदल्या आठवड्यात वाचून काढा. प्रश्न कसे आहेत ते पाहिलं की उत्तरं कशी हवीत ते आपोआप कळतं. डोकेदुखीच्या फॉर्मला ‘खूप दुखतं’ याच्याशी घेणंदेणं नाही. किती वेळा, किती तास, आणि त्या वेळी सगळं सोडून अंधारात आडवं व्हावं लागतं का, हे विचारलेलं असतं. महिन्यातून सरासरी एकदा असा झटका येणं आणि दोन महिन्यांतून एकदा येणं, यांची टक्केवारी वेगळी आहे.

म्हणून पानावर असं लिहा: ‘आठवड्यातून दोनदा गुडघा सुजतो. सूज दोन दिवस राहते. त्या दिवशी जिना चढत नाही, खाली सोफ्यावर झोपतो. मार्चपासून चार रजा गेल्या.’ दुखणं कधी आणि कुठे सुरू झालं तेही लिहा. पत्नी, आई, सोबतचा सैनिक यांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते २१-१०२१० या फॉर्मवर वेगळं देता येतं. आमच्या ताईने लिहिलं, "रात्री पंखा बंद केला की हा उठून बसतो, शांततेत कानातली शिटी मोठी होते म्हणतो." डॉक्टरी भाषेची गरजच पडली नाही.

पायरी ४: खोलीत

सांध्याची तपासणी असेल तर डॉक्टर गोनिओमीटर काढतात, कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब हात फुटावेत तसं ते दिसतं. निरोगी गुडघा साधारण १४० अंश वाकतो. वाकणं ४५ अंशांवर थांबलं तर १० टक्के, ३० अंशांवर २० टक्के, १५ वर ३० टक्के, असा तक्ता आहे. इथे आपली माणसं मार खातात. दातओठ खाऊन पूर्ण वाकवून दाखवतात, जणू पीटीचे सर समोर उभे आहेत. दुखायला सुरुवात होते तिथे "इथे दुखतंय" असं तोंडाने सांगा, आणि सहन होईना तिथे थांबा. नाटकही करू नका. पार्किंगपासून खोलीपर्यंतची तुमची चाल डॉक्टरांना दिसू शकते.

तपासणी नेमकी बऱ्या दिवशी पडली तर? तेव्हा दुखणं उसळतं त्या दिवसांबद्दल आपणहून बोला. त्या दिवशी सांधा किती अडतो याचा अंदाज डॉक्टरांनी रुग्णाच्या सांगण्यावरूनही द्यावा, असा निकाल २०१७ साली माजी सैनिकांच्या अपील न्यायालयाने शार्प खटल्यात दिला आहे. विचारलंच नाही तर निघताना म्हणा, "वाईट दिवसांबद्दल सांगायचं राहिलं."

दुखण्याचा सैन्यातल्या नोकरीशी संबंध आहे का, यावरही डॉक्टरांचं मत मागवलेलं असतं. खात्री लागत नाही, शक्यता निम्मी असली तरी पुरते. म्हणून ‘वयाने होत असेल’ असली वाक्यं विनयाने टाकू नका.

आमची भेट वीस मिनिटांत आटोपली. वेळ कमी म्हणजे दावा गेला असं नाही, डॉक्टरांनी फाइल आधी वाचलेली असू शकते. तरी घरी पोचल्यावर काय विचारलं आणि काय तपासलंच नाही, ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

पायरी ५: निकालाचं पत्र

अहवाल डॉक्टरांकडे मागू नका, ते देत नाहीत. २०-१०२०६ या फॉर्मवर व्हीएकडे प्रत मागा. निकाल पटला नाही तर वर्षभरात तीन वाटा आहेत: नवा पुरावा देऊन पुरवणी दावा, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरपाहणी, किंवा व्हीएच्या अपील बोर्डाकडे अपील. फेरपाहणीत नवा पुरावा चालत नाही. तेव्हा तपासणीच अर्धवट झाली असेल तर तेवढंच बोट ठेवून दाखवा. कोनमापक लावलाच नाही, असं एक ठोस वाक्य पानभर तक्रारीपेक्षा भारी पडतं.

टक्केवारीची बेरीज शाळेतल्यासारखी होत नाही. ५० आणि ३० मिळाले तर ८० होत नाहीत. पहिल्या ५० नंतर उरलेल्या ५० चे ३० टक्के धरतात, येतात ६५, आणि ते ७० वर नेतात. कानातल्या शिटीला सध्या सरसकट १० टक्के आहेत, एक कान असो वा दोन.

एकूण ३० टक्के किंवा जास्त झाले तर पती-पत्नी आणि मुलांसाठी वाढीव रक्कम मिळते. शिवाय पैशासाठी तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांसाठीही. ग्रीन कार्डावर येऊन मुलाकडे राहणारे आईवडील आपल्या घरांत कमी नाहीत, पण हा रकाना फार थोडे जण भरतात. त्यासाठी २१पी-५०९ हा वेगळा फॉर्म लागतो. त्यात आईवडिलांचं सगळं उत्पन्न लिहावं लागतं, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं येत असेल तर तेसुद्धा.