बी उघडून आतले भाग कसे ओळखायचे

राजम्याचे दाणे ८ ते १२ तास साध्या पाण्यात भिजवा. कोरडा दाणा फोडला की चुरा होतो. २४ तासांपेक्षा जास्त बुडवून ठेवलात तर हवेअभावी तो कुजू लागतो.

दाण्याच्या आत वळलेल्या, खोलगट बाजूला असलेला पांढुरका डाग म्हणजे नाभी. शेंगेला दाणा इथेच चिकटलेला होता. ओला दाणा पुसून हलकेच दाबा. नाभीशेजारच्या बारीक बीजरंध्रातून पाण्याचा थेंब डोकावेल.

आता टरफल, म्हणजे बीजावरण, नखाने सोला. दोन्ही दले फुगीर बाजूने उघडा. नाभीकडून जोर लावलात तर नेमका भ्रूणच, म्हणजे आतलं इवलं रोपच, तुटतो, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच. एका दलाला चिकटलेल्या भ्रूणाचं टोकदार आदिमूळ बीजरंध्राकडे वळलेलं असतं. दुसऱ्या टोकाला घडी घातलेली दोन इवली पानं असतात, हा आदिकोंब. भिंगातून त्यांच्या शिराही दिसतात. जाड दले म्हणजे बीजपत्रे, रोपाची शिदोरी.

मक्याचं गणित वेगळं. दाणा दिवसभर भिजवून मधोमध उभा चिरा, आयोडीनचा थेंब टाका. पिठूळ भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाभोवतीचा अन्नसाठा, निळा-काळा होतो, भ्रूण बराचसा फिकटच राहतो.