चिरनेरवर पोस्ट लिहिताना

२५ सप्टेंबर, म्हणजे उरण तालुक्यातल्या चिरनेर गावच्या १९३० च्या गोळीबाराचा दिवस, जवळ आला की उरणच्या पोरांचे फोन सुरू होतात, "काका, चिरनेरवर काय टाकू?" एक तर "पेपरवाल्यांनी आम्हाला कायम दाबलं" इथून सुरुवात करू नका. तक्रार खरी असेलही, पण वाचणारा त्यावरच भांडत बसतो आणि १९३० चा गोळीबार राहतो बाजूला.

तारीख, जागा, कारण आधी: इंग्रजांच्या जंगल कायद्याविरुद्धचा जंगल सत्याग्रह, अक्कादेवीचं रान, पोलिसांच्या गोळ्या. हुतात्म्यांची नावं स्मारकावरून स्वतः उतरवून घ्या, व्हॉट्सॲपवरून नको. त्याच गोळीबारात मामलेदारही गेले, तेही लिहा. आपल्याला नको ते गाळलं, तर पेपरवाल्यांना कुठल्या तोंडाने बोलणार?

जुनी बातमी मिळाली तर तिच्यात बोलतंय कोण ते बघा. नुसतं सरकारी निवेदन, की गावातलं माणूसही?

आता पोलिसांची भीती. २०१२ मध्ये आपल्या कोकणातल्याच पालघरला फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली होती. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. म्हणून रान मोकळं नाही. समाजासमाजांत तेढ लावली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहेच. हुकूम देणाऱ्याला नाव घेऊन दोष द्या, त्याच्या जातीधर्माला नको.

फेसबुकसारख्या कंपनीने पोस्ट उडवली तर स्क्रीनशॉट ठेवून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जा. तिथे दाद लागली नाही, तर सरकारच्या अपील समितीकडे जाता येतं.

आणि फोटो चिरनेरचाच लावा. कुणीतरी जालियनवाला बागेचा चिकटवतोच!