बागेत खडी अंथरताय? खानदेशात या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे नव्या घरांच्या अंगणात पांढऱ्या खडीची हौस फार. ओट्यासमोर पट्टा सोडायचा, पांढरे दगड पसरायचे, मधे एखादा पाम लावायचा. दिवाळीत छान दिसतं. पुढचा पावसाळा सरला की तेच अंगण बघा. निम्मे दगड मातीत गेलेले, उरलेले मळकट, आणि त्यांच्यातून लव्हाळा वर आलेला. यात दगडाचा दोष नसतो. तो कुठल्या मातीवर आणि कुठल्या उन्हात पडणार, हे न बघताच खरेदी झालेली असते.

काळ्या मातीवर थेट खडी

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मेमध्ये तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. बारीक खडी त्या भेगांत उतरते, पाऊस पडला की वरून चिखल चढतो. मग ‘खडी कमी पडली’ म्हणून लोक आणखी एक थर टाकतात आणि तोही गिळला जातो.

खर्च करायचाच असेल तर आधी खालच्या थरावर करा. पाच-सहा इंच माती काढा. तीनेक इंच मुरूम भरून, पाणी मारून धुम्मसने ठोकून घ्या. उतार घरापासून बाहेरच्या बाजूला ठेवा. कडेने विटा उभ्या लावा, म्हणजे खडी अंगणभर पसरणार नाही. त्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं जाड कापड, आणि मग दोन इंच खडी. खडीचा वरचा थर जोत्याच्या खालीच राहू द्या, नाहीतर भिंतीला ओल धरते.

कापडाऐवजी काळं प्लास्टिक टाकणारे पुष्कळ आहेत. प्लास्टिकमधून पाणी मुरत नाही. वर ते साचतं आणि खाली मुळं गुदमरतात. लव्हाळ्यासाठी मात्र कापडही पुरेसं नाही. त्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, कापड भोकसून वर येतो. त्याच्या जमिनीतल्या गाठी खणून काढल्याशिवाय खडी टाकूच नका. हराळीचंही तसंच.

पांढरा शुभ्र संगमरवर

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. दक्षिण-पश्चिमेच्या अंगणात पांढरे दगड टाकले की दुपारचं ऊन उलटून खिडकीत येतं आणि झाडांची पानं खालच्या बाजूनेही भाजतात. दुसरी अडचण मातीची. काळी माती मुळात अल्कधर्मी, तिच्यात चुनखडीही असते. संगमरवर म्हणजे चुनखडीचाच दगड, तो हळूहळू त्यात भर घालतो. मोगरा, जास्वंद, लिंबू यांची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या, तर झाडाला लोह मिळत नाहीये असं समजा. अशा झाडांच्या बुंध्याशी संगमरवर नको.

दुकानात सगळे पांढरे दगड सारखेच दिसतात. खिशात एक लोखंडी खिळा ठेवा. खिळ्याने ओरखडा उठला आणि पांढरी भुकटी निघाली, तर तो बहुधा संगमरवर. भुकटीवर लिंबाचे दोन थेंब टाका, बारीक बुडबुडे आले की शंका उरत नाही. ओरखडा न उठता खिळ्याचीच करडी रेघ उमटली, तर ती गारगोटी. ती मातीत काही मिसळत नाही. निळ्या-लाल दगडांची मूठभर वानगी घरी आणून रात्रभर पाण्यात ठेवा. पाण्याला रंग आला तर वर्षभरात ऊन त्याचं काय करेल ते कळलंच.

माझं मत विचाराल तर तपकिरी किंवा पिवळसर गोटे घ्या, नाहीतर चक्क क्रशरची आपली काळी खडी. ती याच मातीच्या आईबापांची, बेसॉल्टची आहे आणि स्वस्तही. तिला ऊन जास्त तापवतं, म्हणून ती झाडाच्या सावलीत किंवा पायवाटेवर शोभते. पाणी बोअरचं असेल तर तिच्यावर क्षारांचे पांढरे डाग उठून दिसतात, एवढं ध्यानात ठेवा.

माप चुकणं

पायवाटेवर गोल गोटे टाकले की पाय सरकतो, म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होतात. तिथे १०-१२ मिलिमीटरची कोनदार खडी एकमेकांत अडकून बसते. ६ मिलिमीटरची कच चपलांच्या तळव्यातून घरात येते आणि मांजरांना घाण करायला आयती जागा मिळते. अंगणात कडुनिंब असेल तर २० मिलिमीटरच्या वर जा. पानगळीत बारीक खडीवरून झाडू मारला की खडीही निघून येते.

हिशेब सोपा आहे. दहा बाय दहा फुटांवर दोन इंच थर म्हणजे सुमारे १७ घनफूट, म्हणजे ब्रासचा (शंभर घनफुटांचा) सहावा हिस्सा, वजनाने ७०० किलोंच्या आसपास. एवढ्या जागेला पिशव्या घेण्यापेक्षा क्रशरवरून छोटा टेम्पो मागवा. नदीतून गोटे उचलून आणायचा मोह मात्र टाळा. ते गौण खनिज आहे, परवान्याशिवाय काढणं गुन्हा ठरतो.

सगळ्याच झाडांखाली खडी चालत नाही. कोरफड, चाफा, बोगनवेल यांना ती मानवते. केळी, कढीपत्ता, गुलाब यांच्या बुडाशी पालापाचोळाच बरा. कुठल्याही खोडाभोवती अर्धा फूट जागा मोकळी सोडा. मोठ्या गोट्यांचे ढीग कोपऱ्यात रचू नका, खाली विंचू बसतात, आणि दगड हलवताना हातमोजे घाला.

आधीच टाकून बसला असाल तर

मातीत गेलेली खडी उन्हाळ्यात, माती सुकी असताना खणून काढा. वाळूच्या चाळणीने चाळा, धुवा, आणि खाली मुरूम भरून तीच परत टाका. नवी फारशी लागत नाही. संगमरवरावर शेवाळ आलं असेल तर बाथरूमचं ॲसिड वापरू नका. त्याने दगड विरघळतो, खरखरीत होतो आणि पुढच्या खेपेला मळ आणखी लवकर धरतो. साधं पाणी आणि नायलॉनचा ब्रश घ्या. अगदीच हिरवं असेल तर दगड पाटीत काढून दोन दिवस वैशाखाच्या उन्हात पसरून ठेवा, वाळलेलं शेवाळ चोळलं की सुटतं.