पिल्लाचे दात आणि आपले हात

दोन महिन्यांचे पिल्लू घरी आले की चार दिवसांत मनगटावर सुई टोचल्यासारखे लाल ठिपके दिसू लागतात आणि घरातले कोणीतरी 'हे कुत्रे चावरे निघणार' असे सांगून मोकळे होते. हे भाकीत मनावर घेऊ नये. समोरची वस्तू मऊ आहे की कडक, जिवंत आहे की निर्जीव, हे पिल्लू तोंडानेच चाचपून पाहते. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास त्याला २८ दुधाचे दात येतात; चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात. हिरड्या शिवशिवतात त्या याच काळात. मोठे झाल्यावर सवय आपोआप सुटेल म्हणून वाट पाहत बसल्यास तोच खेळ पुढे मोठ्या दातांनी आणि भरलेल्या जबड्याने चालू राहतो, म्हणून शिकवणीला पहिल्या दिवसापासूनच लागावे.

किती जोराने चावल्यावर समोरच्याला दुखते, हे पिल्लू मुळात आपल्या भावंडांकडून शिकते. जोरात चावले की भावंड केकाटते आणि खेळ सोडून निघून जाते. आईदेखील दूध पाजता पाजता उठून जाते. केंद्र सरकारच्या २०१७ सालच्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याला आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, आणि त्या आठवड्यांचे मोल या शिक्षणातही आहे. आमच्याकडचे पिल्लू भर पावसात एका उभ्या गाडीखाली एकटेच सापडले, तेव्हा ते जेमतेम पाच आठवड्यांचे असावे. भावंडांकडून मिळायचे ते धडे त्याला मिळालेलेच नव्हते, त्यामुळे ते देण्याचे काम घरातल्या माणसांना करावे लागले. रस्त्यावरून उचलून आणलेल्या अनेक पिल्लांची हीच स्थिती असते, आणि अशा पिल्लाला अधिक वेळ द्यावा लागतो.

शिकवण्याचे मर्म एवढेच आहे की कातडीला दात लागले की खेळ थांबतो, हे पिल्लाला दर वेळी, न चुकता अनुभवाला आले पाहिजे. दात लागताच आपण हात झटकन मागे ओढतो, आणि नेमके तेच टाळायचे असते, कारण पळणारा हात पिल्लाला सावजासारखा वाटतो आणि ते दुप्पट वेगाने झेपावते. हात जागच्या जागी सैल सोडावा, हलवू नये, बोलू नये आणि पिल्लाकडे पाहूही नये. त्याने तोंड सोडले की त्याच क्षणी शांत आवाजात 'शाब्बास' म्हणावे आणि चावण्याजोगे खेळणे पुढे करावे. पुन्हा हातालाच दात लावले तर उठून दाराच्या किंवा जाळीच्या पलीकडे जावे, वीस सेकंद थांबावे आणि काहीच घडले नाही अशा रीतीने परत येऊन खेळ सुरू करावा. वीस सेकंद पुरतात. दहा मिनिटे कोंडून ठेवल्यास आपण का गेलो होतो, हे पिल्लू विसरलेले असते. भावंडासारखे 'आई गं' असे ओरडावे, असा सल्ला पुष्कळ जण देतात. काही पिल्ले त्याने थबकतात, तर काही अधिकच चेकाळतात. आपले पिल्लू दुसऱ्या प्रकारचे असल्यास तो उपाय सोडून द्यावा.

याच्या जोडीला रोज पाच मिनिटे मुठीचा एक सराव घ्यावा. उकडलेल्या कोंबडीचा किंवा पनीरचा लहानसा तुकडा मुठीत धरून मूठ पिल्लासमोर ठेवावी. ते चाटेल, पंजा मारेल, दात लावून पाहील. मूठ मात्र उघडू नये. ज्या क्षणी ते नाक मागे घेईल, त्या क्षणी मूठ उघडून तुकडा सपाट तळव्यावरून द्यावा. आमचे पिल्लू पहिल्या दिवशी मुठीशी बराच वेळ झटत राहिले. आठवड्याभरात ते मूठ दिसताच मागे सरून बसू लागले आणि आमच्या तोंडाकडे पाहू लागले.

थोबाडीत मारणे, नाकावर टिचकी देणे, जबडा दाबून धरणे किंवा पिल्लाला उताणे पाडून दाबून ठेवणे हे उपाय वडीलधारी मंडळी आपुलकीने सुचवत असली तरी ते करू नयेत. त्याने पिल्लाला हाताची भीती बसते, आणि हाताला घाबरणारे कुत्रे पुढे स्वतःच्या बचावासाठी चावते. गुरगुरण्याबद्दल मार मिळालेले कुत्रे गुरगुरणे सोडून देते, आणि मग चावण्याआधी मिळणारी सूचनाही आपल्याला मिळेनाशी होते.

चावण्यासाठी जाड दोरीची गाठ, पोकळ रबरी खेळणे किंवा ओले करून पिळून, गाठ मारून बर्फात घट्ट केलेले जुने पंच्याचे फडके द्यावे. गार फडक्याने हिरड्यांना आरामही पडतो. खेळणे नखाने दाबून पाहावे. त्यावर खूण उमटत नसेल इतके ते कडक असल्यास दात तुटण्याची भीती असते. शिजवलेली हाडे कधीही देऊ नयेत, कारण त्यांचे टोकदार तुकडे होऊन ते घशात किंवा आतड्यात रुततात. जुनी चप्पल किंवा मोजाही देऊ नये. जुने आणि नवे यांतला फरक पिल्लाला कळत नाही.

संध्याकाळी पिल्लू अंगात आल्यासारखे धावू लागते, गाऊनचा घोळ किंवा पायजम्याची नाडी धरून ओढते आणि काही केल्या ऐकत नाही, तेव्हा बहुतेक वेळा ते मस्तीला आलेले नसून झोपेला आलेले असते. या वयात त्याला दिवसाचे अठरा ते वीस तास झोप लागते. अशा वेळी शिकवत बसण्यापेक्षा त्याला अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात नेऊन ठेवावे.

घरातल्या सर्वांचा नियम एकच असावा. दुपारी आजोबांनी बोटे नाचवून खेळवायचे आणि रात्री त्याच बोटांसाठी रागवायचे, असे झाल्यास पिल्लाला काहीच उमगत नाही. लहान मुलांना पळायचे नाही आणि किंचाळायचे नाही, तर हाताची घडी घालून झाडासारखे उभे राहायचे, असे आधीच करून दाखवावे आणि मोठे माणूस जवळ असल्याखेरीज दोघांना एकत्र सोडू नये.

खेळता खेळता दात लागून रक्त आले किंवा कातडी खरचटली तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, चुना किंवा तिखट लावू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात, त्यामुळे ते लहान आहे किंवा घरातले आहे म्हणून दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे.

खेळातले चावणे आणि रागातले चावणे यांत फरक असतो. खेळताना अंग सैल असते आणि पिल्लू मागचा भाग उंच करून पुढे वाकते; ताटलीजवळ गेल्यावर अंग ताठ होत असेल, नजर एका जागी खिळत असेल आणि ओठ वर जात असतील तर घरगुती प्रयोग न करता पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा. पिल्लू शांत असताना मात्र आठवड्यातून दोनदा त्याचा ओठ हळूच वर करून दात पाहावेत आणि लगेच खाऊ द्यावा. तोंडाजवळ आलेल्या हाताची भीती त्यामुळे राहत नाही, आणि कायमचा सुळा उगवूनही शेजारचा दुधाचा सुळा पडलेला नसेल तर तेही वेळीच लक्षात येते; असा अडकून राहिलेला दात पशुवैद्यांकडून काढून घ्यावा लागतो.