नवऱ्याकडे दुबईला जाताय? आधी लग्नाचा दाखला वाचा

माझा व्हिसा दुबईत अडला नाही, आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत अडला. नमुना 'ई'वर, म्हणजे लग्नाच्या दाखल्यावर, इंग्रजीत वैशाली लिहिताना 'शा'मध्ये दोन ए पडले होते आणि पासपोर्टवर होता एक. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "एवढ्याने काय होतंय?" एवढ्यानेच दीड महिना गेला. म्हणून व्हिसाचं नाव काढण्याआधी दोघांचे पासपोर्ट आणि दाखला शेजारी ठेवा आणि एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचा. चूक असेल तर मूळ दाखलाच दुरुस्त करून घ्या. नुसतं प्रतिज्ञापत्र जोडून भागेल असं कोणी सांगेल, ऐकू नका.

आणखी एक. सासरचं नाव लावायला पासपोर्ट घाईघाईने बदलू नका. दाखल्यावर लग्नाआधीचं नाव असतंच, ते पासपोर्टशी जुळतं. मी अजून माहेरच्या नावावर इथे राहते आहे, काही अडलेलं नाही.

दाखला दुरुस्त झाला की त्याची वरात निघते: आधी मंत्रालयात गृह विभागाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा वकिलात-शिक्का. या टप्प्यावर एजंट हमखास 'अपोस्टिल करून देतो' म्हणतात. अपोस्टिल म्हणजे आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत कागदपत्रांसाठी चालणारा शिक्का. यूएई त्या करारात नाही, त्यामुळे तो स्टिकर तिकडे चालत नाही. पैसे देण्याआधी एजंटला "यूएई एम्बसी अटेस्टेशन का?" असं स्पष्ट विचारा. दाखला दुबईत पोचला की त्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का 150 दिरहमला बसतो, आणि अरबी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडूनच लागतं.

नवऱ्याच्या बाजूचं काम त्यामानाने सोपं. पगार किमान 4000 दिरहम हवा, किंवा 3000 आणि कंपनीची खोली. खरी अडचण घराची. दुबईच्या करामा भागात बेडस्पेसवर, म्हणजे खोलीत नुसती एक खाट भाड्याने घेऊन, राहणाऱ्याच्या नावावर इजारी, म्हणजे नोंदणीकृत भाडेकरार, येणार कुठून? आणि अर्जाला तो लागतो. आमच्या 'ह्यांनी' त्यासाठी आधी एक खोलीचं घर घेतलं, मग अर्ज केला. अर्ज नवरा आमेर सेंटरमध्ये, म्हणजे दुबईतल्या व्हिसाच्या सेवा केंद्रात, भरतो. तिथला टायपिस्ट नाव टाइप करताना त्याला समोर उभं राहायला सांगा.

एंट्री परमिट आलं की विमान. उतरल्यापासून 60 दिवसांत बाकीचं उरकायचं. मेडिकलला रक्त आणि छातीचा एक्स-रे. मंगळसूत्र काढायला सांगतात. मी ते रुमालात बांधून मुठीत धरलं होतं, तर नर्सने हसून "बाहेर नवऱ्याकडे दे" असं खुणेनं सांगितलं. दिवस गेले असतील तर एक्स-रेच्या आधीच सांगा. मग एमिरेट्स आयडीसाठी, म्हणजे तिथल्या ओळखपत्रासाठी, बोटांचे ठसे. भांडी घासून झिजलेली माझी बोटं मशीनला उमटेनात, ओल्या टिश्यूने पुसून चौथ्यांदा घेतली. 2022 पासून पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर लागत नाही, हे कार्डच तुमचा व्हिसा. पासपोर्टचं पान कोरं दिसलं म्हणून माझ्यासारखं घाबरू नका.

बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्यांसाठी मात्र नीट सांगते. सलग 180 दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलात तर व्हिसा रद्द धरतात. सातव्या महिन्यात गेलं आणि बाळ तीन महिन्यांचं करून यायचं म्हटलं, तर हिशेब अगदी काठावर येतो. त्यातच बाळाचा पासपोर्ट, त्याचा वेगळा व्हिसा, आणि जन्मदाखल्यालाही तीच मंत्रालयापासूनची वरात.

मुलाचा जन्मदाखला घ्यायला मी नगरपालिकेच्या खिडकीवर दोन्ही पासपोर्ट घेऊन गेले होते. "ताई, बरोबर आहे हो सगळं," कारकून म्हणाला. मागे रांग कुरकुरत होती. मी तिसऱ्यांदा वाचला, आणि आईच्या नावात दोन ए सापडले.