येळवशीची भज्जी वर्षातून एकदाच का?
आठवड्यात ३० हून जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यात, १० किंवा कमी खाणाऱ्यांपेक्षा, सूक्ष्मजीवांची विविधता जास्त दिसली. हा २०१८ मधला ‘अमेरिकन गट (gut, म्हणजे आतडं) प्रोजेक्ट’ या संशोधन प्रकल्पाचा निष्कर्ष. आपल्या लातूरकडं तीस गाठणं अवघड नाही. येळवशीची, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाची, भज्जी ही मिसळभाजीच घ्या: तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, मेथी, पातीचा कांदा, चिंच, बेसन. बेसन हरभऱ्याचंच, तरी एका पातेल्यात सहा झाले! मी तर हिवाळाभर करते. भाकरी ज्वारीचीच, पण मधूनमधून बाजरीची थापा. करडईची कोवळी पानं, घोळ, अंबाडी आलटूनपालटून. जवस, कारळं, तीळ यांच्या चटण्या कुटून ठेवा, रोज वेगळी वाढा. मात्र कडधान्यं एकदम वाढवू नका, पोट फुगतं; हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या.