जिन्याची मापं काढताना या चुका टाळा

कच्च्या स्लॅबवरून माप घेणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. समजा दोन स्लॅबमध्ये 3000 मिमी अंतर आहे. 18 चढ (चढ म्हणजे एका पायरीची उभी उंची) धरले, प्रत्येकी 167 मिमी, आणि जिना ओतला. पुढे जमिनीवर मसाला-टाइल्सचा 50 मिमी थर आला, पायऱ्यांवर मात्र नुसता 20 मिमीचा ग्रॅनाइट. झालं! पहिला चढ उरला 137 चा, शेवटचा झाला 197 चा, मधले सगळे 167. दोन-तीन पायऱ्यांत पायाला उंचीचा अंदाज येतो, मग कोणी खाली बघत नाही. ठेच लागते आणि तोल जातो तो अशा वेगळ्या पायरीवरच.

म्हणून आधी फरशी ठरवा आणि तयार फरशीपासून तयार फरशीपर्यंत मोजा. जिना ओतून झाला असेल तर सगळ्या पायऱ्यांवर आणि लँडिंगवर (वळणावरच्या सपाट चौथऱ्यावर) मसाला 30 मिमी वाढवा, चढ पुन्हा सारखे होतात. 900 मिमी लांबीच्या पायरीवर यानं जवळपास 15 किलो भार वाढतो, तेव्हा आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. एकटी पहिली पायरी दुरुस्त केली, तर फरक फक्त दुसरीवर सरकतो.

नुसत्या सूत्रावर विसंबणं

सूत्र असं: दोन चढ अधिक एका पायरीची रुंदी (पाऊल ठेवायची पुढून मागची जागा), बेरीज 600 ते 640 मिमी. 167 आणि 270 घेतले की 604 येते, उत्तम. पण 190 आणि 220 घेतले तरी 600 च येते, आणि तो जिना उतरताना चवडा पायरीबाहेर लोंबतो. घरात चढ 150 ते 175 आणि रुंदी किमान 250 ठेवा. रुंदी नोजिंगपासून (पायरीच्या पुढच्या कडेपासून) पुढच्या पायरीच्या नोजिंगपर्यंत मोजायची.

जागेचा हिशेब चुकणं

प्रत्येक फ्लाइटमध्ये (जिन्याच्या एका सलग टप्प्यात) पायऱ्या चढांपेक्षा एकानं कमी असतात. 18 चढ दोन फ्लाइटमध्ये वाटले, तर एकीत 9 चढ, 270 च्या 8 पायऱ्या: 2160 मिमी, शिवाय लँडिंगचे किमान 900. वळणावर लँडिंगऐवजी तिरक्या पायऱ्या टाकून जागा वाचते खरी, पण आतल्या कोपऱ्यात पाय ठेवायला काही उरत नाही. आम्ही तरी टाळायलाच सांगू.

डोकं आणि कठडा

नोजिंगपासून वरच्या बीमच्या तळापर्यंत सरळ उभं 2100 मिमी तरी हवं, तेही प्लास्टर-फरशी धरून. हँडरेल नोजिंगपासून 900 मिमीवर, आणि लहान मूल असो-नसो, गजांमधली फट 100 मिमीपेक्षा कमी.